वर मंजूर, खाली काहीच नाही

"दोनच मिनिटं बोला" म्हणे! मघाशी समई पेटेना, तेव्हा कुणी घड्याळ पाहिलं नाही. पंख्याखाली समई ठेवली कुणी, तेही कुणी विचारलं नाही. असो.

अध्यक्ष आप्पासाहेब, मंचावरचे डॉक्टर, कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख श्यामसुंदर साहेब, त्यांच्याच विभागातला, आज ज्याला निरोप द्यायचा तो सलिल, आणि सामोसे कधी येतात म्हणून दाराकडे बघणारे माझे सोबती, सगळ्यांना नमस्कार. मी गोदाबाई, बायकांच्या वॉर्डातली मावशी. शाळा चौथीपर्यंत. पत्रिकेत शेवटी 'कर्मचाऱ्यांचे मनोगत' छापलंय ना, ते मी.

सलिल चांगला मुलगा आहे, हे सगळ्यांनी सांगून झालं. कसा चांगला, ते कुणी सांगितलं नाही. मी सांगते.

श्रावणात माझी धाकटी बहीण निशा धायरीहून आपल्याच दवाखान्यात आली, माझ्याच वॉर्डात. अंगावरून फार जात होतं. डॉक्टरांनी रक्ताची मागणी टाकली. पूर्वी अशी चिठ्ठी घेऊन मीच तळमजल्यावर रक्तपेढीत पळायचे. नवी सिस्टीम आली आणि श्यामसुंदर साहेबांनी बजावलं, "मावशी, आता जिन्यात दिसायचं नाही. कॉम्प्युटरचा पडदा बघायचा."

बघितला. 'मंजूर'. शेजारी हिरवी खूण. सिस्टर म्हणाल्या, "येतंय, येतंय." आम्ही सगळ्या त्या खुणेकडे बघत बसलो. शेवटी मी गेलेच खाली. रक्तपेढीच्या खिडकीवर वैजनाथ. म्हणाला, "अहो गोदाबाई, माझ्याकडे काही आलंच नाही."

रक्त घेऊन वर येईपर्यंत निशा गेली होती. चादर मीच बदलली. ड्यूटी होती. रडू तेव्हा आलं नाही, अजूनही येत नाही. घरचे म्हणतात, डॉक्टरला दाखव. डॉक्टरांतच तर असते दिवसभर.

चौकशी झाली. अहवाल आला की वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनी पाठपुरावा केला नाही. वा! जिन्यात दिसायचं नाही म्हणायचं, आणि मग विचारायचं, खाली का नाही गेलात?

एकटा सलिल कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. चहा बाजूला सारला. मग म्हणाला, "मावशी, चूक आमच्या प्रोग्रामची आहे."

म्हटलं, "मला कळेल असं सांग."

"जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम आहे. कुठलंही काम आलं की तो डेटाबेसशी, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवतात त्या कोठाराशी, एक सेशन उघडतो, म्हणजे बोलणं सुरू करतो. पेशंट कोण, काम कुठल्या पायरीवर आहे, सगळं त्यात धरून ठेवतो. पायरी संपली की सेशन बंद करायचं. बंद करताना ते पक्कं लिहिलं जातं, मगच खालच्या खिडकीला दिसतं."

"मग?"

"निशाताईंची मंजुरी झाली, पण सेशन उघडंच राहिलं. वरचा पडदा त्या उघड्या सेशनमधलंच दाखवत होता. पुढे एरर आली, बंद करायची ओळ चाललीच नाही, आणि जे धरलं होतं तेही पुसलं गेलं."

"अन् खूण?"

"खूण पडद्यावर तशीच राहिली."

एवढंच. कुणी माझ्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं. सलिलनं दुरुस्तीही लिहिली. एरर येवो न येवो, सेशन बंद होणारच, आणि पक्कं लिहिल्याशिवाय खूण हिरवी होणारच नाही. श्यामसुंदर साहेब म्हणाले, "चालू सिस्टीमला हात लावायचा नाही." का हो? लिफ्ट बंद ठेवता ना तेलपाण्याला? तेव्हा चढतोच आम्ही जिने.

साहेब, मान खाली घालू नका. तुमच्यावर राग नाही माझा. रागही येत नाही हल्ली. पण रोज नवी बाई त्या खाटेवर येते, आणि खूण अजून तशीच हिरवी होते.

सलिल, बाळा, शाल पांघर, नुसती मांडीवर ठेवू नकोस. जाशील तिथे सुखी राहा. खरं सांगितलंस, त्याबद्दल आभार. आप्पासाहेब, मला उभं केलंत, तुमचेही आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. अडाणी बाई आहे. मात्र मागे काही घेत नाही.

शनिवारी सलिल कार्ड जमा करून जाणार. त्याची दुरुस्ती तो असताना बसवणार की नाही, याचं उत्तर मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्या. मी वॉर्डातच असते. पडद्यावर पाठवू नका. कुणीतरी जिना चढून या.