टॉवेलची दुसरी दांडी

नेरे गावाच्या बसमध्ये हेतलच्या मागच्या सीटवर एक म्हातारं जोडपं धापा टाकत येऊन बसलं. पिशवीत बाथरूमचं नवं सामान खणखणलं.

"सखू, नळ, शॉवर, साबणदाणी, समदं सोनेरी घेतलंस. पन टॉवेलच्या दांड्या दोन कशाला?"

"एक कमोडच्या बाजूला."

"तिथं टॉवेल कोन टांगतो?"

"असू द्या. नवी फॅशन हाय."

"जुनी दांडी काय वाईट होती?"

"परवा भिंतीतून उपटली ना ती."

"गंजलेली."

"आनि तुमी खाली बसलेले."

"पाय घसरला जरा."

"पोरांना बोलले नाय मी."

हेतलने मोबाइलवरचं गाणं बंद केलं.

"दुकानवाल्याला काय सांगितलंस?"

"तो दवाखान्यातला दांडा दाखवत होता. म्हटलं, टॉवेलचीच दे, सोनेरी. फक्त मानसाचं वजन पेललं पायजे."