डब्यावरचा रत्नागिरी हापूस

आंब्यावरून भांडताय म्हणून सांगतो, आमच्या आप्पांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, आंब्याचं काही ठेवायचं म्हणजे परीक्षाच. रत्नागिरीत चाळीस कलमं स्वतः राखलेला माणूस! दिवाळीच्या सुट्टीत त्यांना अंदमानला नेलं. किनाऱ्यावरच्या एका कॅफेत बायकोने हौसेने त्यांच्यासाठी मँगो शेक मागवला. आप्पांनी एक घोट घेतला नि ग्लास सरकवला.

"हापूस नाही हा. कसला रस घातलान देव जाणे."

वेटर बिचारा आतून डबाच घेऊन आला. "सर, असली रत्नागिरी हापूस!" डब्यावर तसं ठळक छापलेलंच होतं. आप्पांनी चष्मा सावरून ते वाचलं.

मी हळूच म्हटलं, "आप्पा, आता तरी चुकलो म्हणा."

"मी कशाला चुकू? डबा चुकलाय."

मला वाटलं, आता वाजणार. पण आप्पा एकदम खूश! "बघ, एवढ्या लांब खोटा आंबा खपवायलासुद्धा नाव आपलंच लागतं."

निघताना तो डबा शेजारी ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. तो आता आमच्या ओटीवर लावलाय. पाहुणा आला की आप्पा फोटोवर बोट ठेवून सांगतात, "ह्यातला चष्मेवाला तेवढा रत्नागिरीचा."