कुठूनही मोजा

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या शिंप्याने शेजारच्या आजोबा-नातीकडे कान लावले होते.

"आलेखावर आपलं घर दोन-एक या बिंदूवर, काकाचं पाच-पाचवर. अंतर सांगा."

"आडवे तीन, उभे चार. सात."

"सरळ रेषेत हो! तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच."

"कुणाच्या घरापासून मोजलंस?"

"कुठूनही मोजा. वजाबाकी उणे आली तरी वर्ग केला की उणेपण जातं."

"मग त्यानंच यावं. मुलगा आहे तो."

"काका म्हणतो, आजोबांनी बोलवावं."

"हं... आणि हा दवाखाना कुठे येतो तुझ्या कागदावर?"

"पाच-चार."

"म्हणजे इथून त्याचं घर?"

"एक. वर्गमूळसुद्धा नको."

"दप्तर उचल." आजोबा शिंप्याकडे वळले. "आमच्या नंबरावर तुम्ही जा हो. आम्हाला इथं जवळच जायचंय."