क्लबचा खांदा

(दक्षिण वेल्समधलं खाणगाव, १९५४. पुढच्या खोलीत शवपेटी. गल्लीत पुरुष जमलेत.)

एमरिस : तसं नाही रे, हॉवेल. पोटचा मुलगा तू, नाही कोण म्हणतंय? पण तुझ्या बाबांना रग्बी क्लब खांदा देणार. आणि क्लबात तुला जागा नाही.

हॉवेल : वेल्सचा फुलबॅक होतो मी. सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहून उंच आलेला चेंडू झेलायचो, अंगावर धटिंगण कोसळायचे. तेव्हा बरी जागा होती?

एमरिस : तेव्हा तू फुकट खेळत होतास, आपल्यासारखा. मग उत्तर इंग्लंडमधल्या पगारी रग्बी संघात गेलास. एकदा पैसे घेतले की जन्माची बंदी. नियम काय मी केला?

हॉवेल : हौसेनं गेलो का रे? बाबांच्या छातीत कोळसा भरलेला, जिना चढवत नव्हता. त्यांना समुद्राकाठी न्यायचं होतं. घरसुद्धा बघून ठेवलं होतं.

आई : आले नसते ते.

हॉवेल : ठाऊक आहे. मी आलो की भिंतीकडे तोंड करून बसायचे. पण एमरिस, माझं नाव क्लबातून काढा, असं पहिल्यांदा म्हणालं कोण? तू?

एमरिस : आज कशाला ते.

हॉवेल : तूच ना?

आई : त्याच्यावर कशाला घसरतोस? तुझा बाप म्हणाला.

एमरिस : काकू, राहू द्या ना.

आई : कळू दे त्याला. क्लबच्या कमिटीत होते ना ते, बैठकीहून घरी आले, जेवले नाहीत. म्हणाले, माझ्या पोराला सोडलं तर दुसऱ्याच्या पोराला कुठल्या तोंडानं अडवू? आणि जाताना सांगून गेले, मला क्लबनंच न्यायचं.

हॉवेल : जाताना माझं नाव घेतलं?

आई : खोटं कशाला बोलू? नाही घेतलं.

एमरिस : तू मागून चाल, हॉवेल. कुणी काही बोलणार नाही, मी बघतो.

हॉवेल : बापाच्या मागून, परक्यासारखा? लाज वाटते रे मला.

आई : मग नको जाऊस. आम्ही बायका कुठे जातो दफनाला? थांब माझ्यापाशी.

एमरिस : मग... उचलू आम्ही?

हॉवेल : उचला. दारात वळण अरुंद आहे, पायाकडची बाजू आधी काढा. धक्का लागू देऊ नका त्यांना.

आई : चल, पडदा ओढ आणि हॅम कापायला घे. परत येतील तेव्हा भूक लागलेली असेल सगळ्यांना.