दहा नंबरचा पाना

आमी मूळचे उदगीरकडचे. वडील तरणे असताना हैदराबादेला आले, अफझलगंजला एका उस्तादाच्या हाताखाली सायकली दुरुस्त करायला लागले, आन मी वडलांच्या हाताखाली. त्यांचं एकच म्हननं, आवळ. नट बसला म्हनलं की म्हनायचे अजून आवळ, मनगट दुखलं पाहिजे. तसंच माझं मनगट तयार झालं बगा. आता काचीगुड्याला टेशनाच्या मागं माझं मोटरसायकलीचं दुकान हाय, मारुती मिस्तरी म्हनलं की कोनबी दाखवतंय, पन काय सांगू तुमाला, माझं बूड एका जागी टेकत नाई. बायको म्हनते, बसा की जरा, पायाला भिंगरी बांधली का. कामाचं लोखंड समोर दिसलं की माझे हात खाजवतात, मी काय करू.

लेक एकच, रेणुका. दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला हाय, शहराच्या पार त्या टोकाला, रोज मोटरसायकलीवर जाते. स्कूटी घे म्हनलं तर म्हनली, मिस्तरीची पोरगी हाव मी. बरं बाई. ती येईपर्यंत माझं कशातच ध्यान लागत नाई, गिऱ्हाईक बोलतंय आन मी रस्त्याकडं बगतोय.

तर तिच्या गाडीचा मागचा लाल लाइट हलायचा. जरासाच, पन हलायचा. खोलून बगितलं तर रबराच्या दर वायसरमधी बोटाच्या पेराएवढी लोखंडी नळी, तिच्यामुळं नट पुरा आवळलाच जात नव्हता. मी म्हनलं ही काय भानगड, नळ्या काढून फेकल्या आन कचकचून आवळला. लाइट दगडावानी घट्ट. आठ दिवसांनी पुन्ना ढिला. मी पुन्ना आवळला. रोज सकाळी ती हेल्मेट घालूस्तोवर माझा दहा नंबरचा पाना चालूच. ती म्हनली, बाबा, इतकं टाइट नका करू, खालचं मडगार्ड प्लास्टिकचं हाय. मी भडकलो. म्हनलं, माझं आयुष्य गेलं ह्यात, तू मला शिकीवतीस का?

मग एक दिवस दिवे लागनीला फोन आला. चादरघाटच्या पुलावर तिनं ब्रेक मारला, मागं लाल लाइट लागलाच नाई, आन मागचा आटो येऊन धडकला. मी चप्पल न घालता पळालो. पोरगी फुटपाथवर बसलेली, कोपर सोललेलं. आटोवाला भला मानूस, पानी पाजत व्हता, मला म्हनला, चच्चा, बच्ची का लाइट तो देखो. बगितलं तर मडगार्ड नटापासून चिरलेलं, लाइट वायरीवर लोंबत व्हता आन एक वायर तुटलेली.

काय सांगू तुमाला! ती चीर माझ्या हातची. रबर चेंबून पापड झालं व्हतं, मग सगळा हादरा प्लास्टिकवर. नटानं रबर चेंबू नये म्हनूनच ती नळी व्हती, लाइट थोडा हललाच पाहिजे, हलला म्हनून टिकतो. सायकलीचं मडगार्ड लोखंडाचं, ते वडलांचं आवळनं सोसायचं. हे वेगळं. मी तिथंच तिला म्हनलं, चूक माझी हाय. ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली.

नवं मडगार्ड टाकलं, रबर नवं, नळ्या नव्या. नळीला नट टेकला की थांबायचं, तिथं मी पाना खाली ठेवला बगा. लाइट बोटानं हलवला तर हलतोय. ते बगून जीव खालीवर व्हतो अजून.

आता रोज सकाळी रेणुका काय करते, हेल्मेट घालायच्या आधीच माझ्या पेटीतला दहा नंबरचा पाना उचलते आन आपल्या बॅगेत टाकून घेऊन जाते. म्हनते, बाबा, संध्याकाळी देते. मी हौ म्हनतो. गाडी वळनाला जाते, तिथं ब्रेक लागतो, लाल लाइट दिसतो, मग कुठं मी आत येतो. देवा, लेकरू सुखरूप घरी येऊ दे, दुसरं काई मागनं नाई. तिला वाटतंय दुकानात दहा नंबरचा पाना तेवढा एकच हाय. चार हायत. पन तिच्या गाडीला लावत नाई मी.