म्हशीचा वाटा

तेलगावच्या मित्राचं, उत्तरेश्वरचं पत्र येऊन चार महिने झाले होते. 'डॉक्टर कोंडा खा म्हणतात. त्यानं पोट अन् कोलेस्टेरॉल खरंच उतरतं का? तू वाचणारा माणूस. तू सांगशील तसं करीन.' त्र्यंबकरावांनी पुस्तकं धुंडाळली, पण आपलं चुकलं तर, या धास्तीनं उत्तर लिहिलं नाही.

आज वडवणीच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या बाकावर दूध संस्थेचे गलेलठ्ठ चेअरमन भगवानराव बायकोला रिपोर्ट दाखवत होते.

"चार किलो उतरलो. कोलेस्टेरॉलबी उतरलं. संस्थेत पायी जातो ना!"

"पायी? मग जीप कोन झिजवतंय? दुष्काळात म्हैस चारा-छावणीला गेली, तवापासून मी पीठ चाळनंच सोडलंय."

"मंजी तिचा कोंडा?"

"तुमच्या भाकरीत. डाळीची सालंबी."

"म्हशीचा वाटा चेअरमनला चारला?"

"तिनं तर कदी कुरकुर केली न्हाई."

"अन् म्हैस परत आली की?"

"तिचा कोंडा तिला. तुमी जा छावणीला."

"न्हाई, चाळनी माळ्यावरच राहू दे. पर संस्थेत कुनाला सांगू नगंस."

त्र्यंबकराव उठून थेट पोस्टात गेले आणि कार्ड घेऊन लिहिलं: 'उत्तरेश्वर, पुस्तकं होय म्हणतात, आणि एक चेअरमनही. घरात पीठ चाळू नका. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सोडू नकोस. वर पाणी पी, टँकर आला तर.'

पुन्हा वाचलं तर फाडून टाकू, हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी कार्ड न वाचताच पेटीत टाकलं.