बोटं कुणाची?

इस्वास ठेवायचा तरी कुणावर, तुमीच सांगा! जबड्यावर ठेवला, तो अडकला. दातवाल्यावर ठेवला, त्यानं धडधाकट दाढ उपटली. आन् घरच्या पोरीवर ठेवला, तर तिनं... थांबा, पयल्यापासून सांगतो.

केजच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माझी आडत; शेतकऱ्याचा माल विकून देतो. बंकटशेठ म्हणत्यात मला. तीस वर्षं तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओल सांगतोय. कट्ट वाजलं की वाळलेली, दबला की ओली, आन् ओलीला भाव कमी. औंदा चौसाळ्याच्या शहादेवची तूर दाताखाली धरली आन् कट्ट वाजलं... कानापाशी! दाणा शाबूत, जबडा बंद! तोंडात दुसरं बोट जाईना. ज्या दातावर सगळी आडत उभी, तेच दात कुलपात! समोरचा आडत्या गालात हसतोय.

दातवाल्यानं दाढ उपटली तरी जबडा उघडंना, मग पुतणी आली, संस्कृती. फिजिओथेरपीचं वरचं शिक्षण घेतीय. म्हणली, "काका, निरोगी तोंडात तीन बोटं उभी जातात. व्यायामानं नेऊ तिथवर." आन् रबरी हातमोजा चढवून अंगठा तोंडात! शी! त्या रबराची ती चव, वरून माझीच लाळ हनुवटीवरनं सदऱ्यावर, आन् गिऱ्हाईक बघतंय! सोसलं. कावून? हंगाम तोंडावर हाय.

अंगठा काढला की मोबाइल काढायची. "हा माझा प्रबंध, काका. जबड्याच्या फिजिओथेरपीवर दर वर्षी किती संशोधन झालं, कोणत्या देशात झालं, कुणी कुणाचा दाखला दिला." रंगीत गोळेच गोळे, एकाला एक चिकटलेले, हौदातली बेडकाची अंडी जशी! "आलेख कसा चढतोय बघा!" म्या म्हणलं, आवक वाढली, कबूल. पण बोटं किती गेली?

"ते ह्यात नसतं, काका. मी लेख मोजते."

घ्या! पोती मोजली, दाणा फोडलाच न्हाई! "ह्या लेखाचा दाखला तर चारशे जणांनी दिलाय." बरं बाई, चारशे जण म्हणले तूर वाळलेली. पण बोटं किती गेली?

सहा आठवड्यांनी मोजणी. दुकान भरलेलं. म्या आ वासला, तिनं बोटं घातली, काढली, वहीत लिहिलं, "तीन. बरे." टाळ्या! मला बी लई भारी वाटलं हो... मग भाकरीचा घास घेतला आन् गालच चावला. म्हणलं बघावं. माझी बोटं घातली. दोन! तिसरं दातावरच अडलं. आवो, तिची बोटं म्हंजी कोवळ्या शेवग्याच्या शेंगा, आन् माझी ही केळी!

"संस्कृती, माप कुणाच्या बोटाचं असतंय गं?"

"रुग्णाच्याच, काका... पण सगळे बघत होते. तुमचं तीन झालं की माझाही एक रुग्ण बरा."

थू! म्हणलं, तीस वर्षं मोंढ्यात काढली, असलं खोटं माप बघितलं न्हाई! तर पोत्यावर बसलेला शहादेव काय म्हणतोय, "शेठ, मंग आमच्या तुरीची ओल कुणाच्या दातानं मोजता? दर साली ओलीच कशी निघती ओ?"

उत्तराला तोंड उघडलं. दोनच बोटं उघडलं.

आता ओल मोजायचं यंत्र आणलंय, आकडा शेतकऱ्याच्या तोंडाकडं करून ठेवलाय. तुमी लिहिती-वाचती माणसं, तुमाला हात जोडून एकच मागणं... हिशेब खरा ठेवा. माझ्या नावापुढं दोनच लिहा. आन् शहादेवच्या तुरीपुढं... जाऊ द्या, लिहा. वाळलेली.